चौकटी उचलल्या, पुस्तक राहिलं

२०२४च्या ऑगस्टमध्ये ‘वॉचमेन’ या कॉमिकवरच्या अ‍ॅनिमेशनपटाचा पहिला भाग आला, नोव्हेंबरमध्ये दुसरा. शेवटी न्यूयॉर्कमध्ये पुस्तकातला तो अजस्र स्क्विड एकदाचा अवतरला आणि २००९पासून धुमसणाऱ्या वादात चाहत्यांच्या एका गटाने विजयाची आरोळी ठोकली : पंधरा वर्षांनी का होईना, पुस्तकाला न्याय मिळाला! मी दोन्ही भाग लागोपाठ पाहिले. खोड काढावी असं त्यात फारसं काही नाही. प्रसंग तेच, क्रम बहुतेक तोच, मूळ चित्रकार डेव्ह गिबन्सच्या रेषेचं वळणही जपलेलं. आणि तरीही पुस्तक कुठेतरी बाजूलाच पडून आहे, ही जाणीव शेवटपर्यंत गेली नाही. कॉमिक्सवरून होणाऱ्या सुपरहीरो सिनेमांचं मूळ दुखणं चाहत्यांना हव्या असलेल्या या ‘न्याया’तच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाद जाणकारांना नव्याने सांगायला नको. झॅक स्नायडरने आपल्या २००९च्या सिनेमात स्क्विड गाळला आणि संहाराचं खापर अतिमानवी डॉ. मॅनहॅटनच्या माथी फोडलं. समर्थक म्हणतात, हा शेवट कथेत घट्ट बसतो. कुठूनतरी उपटलेल्या राक्षसी जीवापेक्षा आधीपासून समोर असलेलं पात्र वापरणं शहाणपणाचं. विरोधक विचारतात, मॅनहॅटन म्हणजे अमेरिकेचंच अस्त्र. त्याने जगभरची शहरं बेचिराख केली तर रशिया अमेरिकेच्या गळ्यात गळा घालेल की तिच्यावर क्षेपणास्त्रं सोडेल? मला विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं. पण दोन्ही बाजूंनी इतकी वर्षं चाललेली ही हमरीतुमरी संहार घडवून रशिया-अमेरिकेला एकत्र आणू पाहणाऱ्या ओझिमँडियसच्या कटाबद्दलची आहे. तो कट ज्यांच्यावर कोसळतो त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

अकराव्या प्रकरणाचा शेवट पुन्हा एकदा उघडून पाहा. न्यूयॉर्कमधला एक चौक. पेपरचा स्टॉल चालवणारा बर्नार्ड आणि त्याच्या शेजारी बसून चाच्यांचं कॉमिक फुकटात वाचणारा पोरगा. इतकी प्रकरणं एकमेकांशेजारी काढल्यावर दोघांना आत्ता कुठे कळलंय की आपलं नाव एकच आहे. टॅक्सी चालवणारी जोई आपल्या मैत्रिणीशी भांडते आहे, भांडण हातघाईवर आलं आहे. मुखवटाधारी रोर्शाकला तपासून तपासून आतून पोखरला गेलेला डॉ. लाँग तिथून चालला आहे. मध्ये पडलास तर आपलं संपलं, असं बायको बजावते, आणि तरीही तो मध्ये पडायला जातो, कारण समोर एक माणूस दुसऱ्याला मारतो आहे. मग उजेड. म्हातारा पोराला पोटाशी धरतो, दोघांच्या आकृती विरत जातात आणि पान पांढरं होतं. बारावं प्रकरण उघडलं की सलग सहा पानं, प्रत्येक पानभर एकच चित्र, आणि त्या चित्रांत प्रेतं. एरवी नऊ चौकटींच्या जाळीत बांधलेलं हे पुस्तक इथे ती जाळी तोडतं, आणि वाचकाला त्या प्रेतांमधून चालत जावं लागतं. पान किती वेळ धरून ठेवायचं हे त्याच्या हातात असतं. कोणाचा चेहरा ओळखायला तो थांबला, हे फक्त त्यालाच ठाऊक.

स्नायडरच्या सिनेमात या जागी एक स्वच्छ खड्डा आहे. देह नाहीत, रक्त नाही. १६२ मिनिटांच्या त्या आवृत्तीत चौकातल्या माणसांना जवळजवळ जागाच मिळालेली नाही. त्यांना परत आणण्यासाठी पुढे २१५ मिनिटांची आवृत्ती काढावी लागली. स्क्विड गाळल्याबद्दल गळा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी बर्नार्ड गाळल्याबद्दल आवाज उठवला?

आणि हे तर नुसतं कथेचं झालं. ॲलन मूर आणि गिबन्स यांनी १९८६-८७मध्ये बारा अंकांत जे बांधलं, ते कागदावरच उभं राहू शकणारं बांधकाम आहे. पाचव्या प्रकरणाची अठ्ठावीस पानं आरशात पाहिल्यासारखी रचली आहेत : पहिलं पान आणि अठ्ठाविसावं, दुसरं आणि सत्ताविसावं, असं करत मध्यावरच्या जोडपानापर्यंत. रोर्शाकच्या मुखवट्यावरचा शाईचा डाग मध्यावर घडी घालून उमटतो, तसं अख्खं प्रकरणच घडी घातलेलं. चौथ्या प्रकरणात मंगळावर बसलेला मॅनहॅटन हातात एक जुना फोटो धरतो आणि भूत, वर्तमान, भविष्य त्याला एकदमच दिसतात. वाचकालाही ते एकदमच दिसतात, कारण पानावरच्या साऱ्या चौकटी त्याच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी पसरलेल्या असतात. मॅनहॅटन काळाकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने आपण कॉमिक वाचतो, हे मूरने ओळखलं होतं. सिनेमात हा भाग फिलिप ग्लासच्या संगीतावर फार देखणा झाला आहे, हे मान्यच करायला हवं. पण पडद्यावरचा काळ एकाच दिशेने पळतो. फोटो वाळूत पडला की पडला. मागे वळून तो पुन्हा हातात पाहण्याची सोय प्रेक्षकाला नाही. एवढ्या मोठ्या फरकाला सिनेमाने आपल्या पद्धतीने काय उत्तर दिलं? काहीच नाही. चित्र उचललं, हलवलं, मोकळे झाले.

त्याहून मला जास्त खटकतो तो स्वर. पुस्तकातली माणसं थकलेली आहेत. माजी मुखवटाधारी डॅन ड्रायबर्गचं पोट सुटलंय, त्याचा पोशाख कपाटात लटकलेला वेडगळ कपडा वाटतो, आणि वाटावा म्हणूनच तसा काढलाय. स्नायडरने याच माणसांना घोटीव रबरी स्नायू चढवले. गल्लीतल्या मारामारीत हाडं मोडून कातडीबाहेर येतात आणि कॅमेरा त्या मोडण्याचा आस्वाद घेत मंदावतो. पुस्तक ज्या ताकदीकडे संशयाने पाहतं, तिच्यासमोर सिनेमा हात जोडून उभा आहे. आणि एवढं होऊनही चाहते म्हणतात, सिनेमा प्रामाणिक आहे, फक्त शेवट बदलला! त्या सिनेमात स्नायडरचं स्वतःचं असं एक काम आहे, ते म्हणजे श्रेयनामावली. बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीसच्या दशकापासूनचा पर्यायी इतिहास हलत्या छायाचित्रांसारखा सरकत जातो. पुस्तकात हे असं कुठेच नाही. आणि सगळ्या सिनेमात पुस्तकाच्या सर्वांत जवळ जाणारी मिनिटं नेमकी हीच आहेत.

बाकीच्या रूपांतरांचा हिशेब थोडक्यात. ‘सिन सिटी’ आणि ‘३००’ : मक्षिकास्थाने मक्षिका. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ने जगाला मुखवटा दिला आणि पुस्तकातला अराजकवाद गाळून घेतला. ‘लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ विसरण्याच्याच लायकीचा. आँग लीने ‘हल्क’मध्ये पडदा चौकटींत विभागला, धाडस म्हणून कौतुक, पण त्या चौकटींतून वाट काढायचं स्वातंत्र्य प्रेक्षकाला मिळालं नाही. मार्व्हलच्या कारखान्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि बरहुकूमपणाच हवा असेल, तर स्नायडरच्या सिनेमाच्या आगेमागेच ‘वॉचमेन’ची मूळ चित्रं जेमतेम हलवून, सगळे संवाद एकाच नटाच्या आवाजात घेऊन बारा भागांचं मोशन कॉमिक निघालं होतं. याहून प्रामाणिक काय असणार? ते आज कोण पाहतं?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. २०१९मध्ये डेमन लिंडेलॉफची ‘वॉचमेन’ ही नऊ भागांची मालिका एचबीओवर आली. पुस्तकाच्या पुढची चौतीस वर्षं. सुरुवात थेट १९२१च्या टल्सामध्ये, जिथे गोऱ्यांच्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली. पुस्तकात टल्सा नाही. पण लिंडेलॉफने पुस्तक किती बारकाईने वाचलंय ते सहाव्या भागात कळतं. मूळ पुस्तकात हूडेड जस्टिस हा पहिला मुखवटाधारी : डोक्यावर बुरखा, गळ्यात फास. तो कोण होता ते मूरने सांगितलं नाही, फक्त एका अंदाजाकडे बोट दाखवलं. मालिका विचारते, अमेरिकेत गळ्यात फास अडकवून फिरावं असं कोणाला वाटेल? ज्याला खरंच लटकवलं गेलं त्याला. विल रीव्ह्ज हा न्यूयॉर्क पोलिसांतला कृष्णवर्णीय शिपाई. त्याचेच सहकारी त्याच्या डोक्यावर बुरखा चढवून त्याला झाडाला टांगतात आणि शेवटच्या क्षणी खाली उतरवतात. तो तसाच, गळ्यात कापलेला फास घेऊन घराकडे निघतो, वाटेत कोणाच्यातरी किंकाळ्या ऐकतो आणि तोच बुरखा पुन्हा डोक्यावर ओढतो. पुढे बुरख्याच्या भोकांतून दिसणाऱ्या डोळ्यांभोवती त्याला पांढरा रंग लावावा लागतो, कारण तारणहार गोराच असणार असं लोक धरून चालतात. गिबन्सच्या चित्रात ती कातडी गोरी दिसत होती. मूळ चित्रातली एक रेषाही न खोडता त्याचा अर्थ उलटा करणं, याला मी वाचन म्हणतो.

रोर्शाकचा मुखवटा मालिकेत वंशद्वेष्ट्या टोळीच्या तोंडावर आला तेव्हा चाहते खवळले. का खवळावं? पुस्तकाच्या शेवटी त्याची डायरी एका कडव्या उजव्या वृत्तपत्राच्या कचेरीत पडलेली असते. ती छापली गेली तर कोणाच्या हाती लागेल? लिंडेलॉफने फक्त हा प्रश्न शेवटपर्यंत नेला. आणि स्क्विडचं म्हणाल तर तोही इथे आहे : अधूनमधून आकाशातून बारीक बारीक स्क्विडांचा पाऊस पडतो, भोंगे वाजतात, लोक गाड्या बाजूला घेऊन थांबतात, काचा पुसतात आणि कामाला लागतात. एक प्रचंड खोटं तीन दशकं टिकवायचं तर त्याला असं खतपाणी घालावं लागतं आणि माणसं त्याला सरावून जातात. स्क्विड दिसला की नाही यावर भांडणाऱ्यांना स्क्विडनंतर काय, हे सुचलंच नव्हतं.

दुसरं उदाहरण ‘स्पायडर-व्हर्स’चं. २०१८च्या सिनेमात नवखा स्पायडर-मॅन माइल्स सेकंदाला बारा चित्रांनी हलतो आणि मुरलेला पीटर चोवीस चित्रांनी. पोराचा अडखळलेपणा गतीतच उतरला आहे. पार्श्वभूमी धूसर करायची तिथे जुन्या छपाईत रंग सरकायचे तसे रंग सरकवले आहेत. कॉमिकचा कागद पडद्यावर आणायचा, तर तो असा. आणि २०२३च्या पुढच्या भागाने तर वादाच्या वर्मावरच बोट ठेवलं. स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओहारा बजावतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेल्या घटना ठरल्याप्रमाणेच घडल्या पाहिजेत, माणूस मरायचा असेल तर मेलाच पाहिजे. माइल्स म्हणतो, मी माझ्या बापाला मरू देणार नाही. मूळ कथेचा पहारेकरी इथे नायकाच्या वाटेत आडवा उभा आहे. हा सिनेमा डोक्यावर घेणारे चाहतेच लिंडेलॉफवर मूळ कथेशी बेइमानीचा ठपका ठेवतात, हे मला कधीच समजलेलं नाही.

म्हणून विचारतो, निष्ठा नेमकी कोणाशी? मूरशी म्हणाल तर त्याने स्नायडरच्या सिनेमावरून स्वतःचं नाव काढून घेतलं आणि त्याच्या वाट्याचे पैसे गिबन्सला द्यायला सांगितलं. पुस्तक छपाईबाहेर गेलं की हक्क परत मिळतील या समजुतीने त्याने करार केला होता. पुस्तक कधी छपाईबाहेर गेलंच नाही. ज्या लेखकाला आपल्या पुस्तकाचे सिनेमे होऊच नयेत असं वाटतं, त्याच्या नावाने प्रामाणिकपणाचा आग्रह धरणं मला अन्यायाचं वाटतं. मग पुस्तकाशी? पण ‘वॉचमेन’ हीच मुळात एक बेइमानी आहे. चार्ल्टन कंपनीची जुनी पात्रं डीसीने विकत घेतली होती, मूरला ती वापरायची होती, ते जमेना तेव्हा त्याने त्यांच्यावरून नवी बेतली. स्टीव्ह डिटकोने ‘द क्वेश्चन’ हा चेहरा नसलेला करारी नीतिमान नायक मनापासून घडवला होता. मूरने त्या करारीपणाच्या पोटात शिरून त्याला न धुतलेल्या कपड्यांचा, एकाकी, भयंकर रोर्शाक केलं. डिटकोच्या चाहत्यांचं ऐकलं असतं तर आज भांडायला पुस्तकच नसतं.

‘निदान सिनेमामुळे लोक पुस्तकाकडे वळले’ हा बचाव मला ठाऊक आहे. वळले, हे खरंच आहे. पण मग सिनेमाचं काम जाहिरातीचं ठरतं, आणि जाहिरातीसाठी स्क्विडच्या सोंडा मोजण्याची गरज नाही. दुसरा बचाव असा की चाहत्यांना मूळ पाहायचंय, यात गैर काय? गैर हे की स्टुडिओंना तेच हवं आहे. मूळ चित्र जसंच्या तसं हलवणं सर्वांत बिनधोक : दिग्दर्शकाला मत असण्याची गरज नाही, लेखकाला भिडण्याची गरज नाही, आणि पुस्तकाने सत्तेबद्दल, मुखवट्यांबद्दल, तारणहारांबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कोणालाच द्यावी लागत नाहीत. २०२१मध्ये चाहत्यांच्या रेट्यामुळे स्नायडरची चार तासांची ‘जस्टिस लीग’ निघाली, म्हणजे रेटा लावता येतो हे सिद्ध झालं आहे. तर तो रेटा एकदा उलट्या दिशेने लावा. पुढच्या रूपांतराच्या वेळी किती चौकटी जुळल्या ते विचारू नका. दिग्दर्शकाला विचारा, की या पुस्तकातलं तुला काय पटलं नाही, आणि ते सिनेमात कुठे दिसतं ते दाखव.