कोतवाल बुकातले बिननावाचे मूल

‘घुसखोर’ या शब्दाचा उत्तरार्ध फारसीतून आलेला आहे, म्हणजे तो स्वतःच सीमेपलीकडचा. ही गंमत सोडली तरी प्रत्ययाचे काम पाहण्यासारखे आहे. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर: ‘-खोर’ लागला की एकदा केलेली कृती माणसाचा स्वभाव होऊन बसते. कायद्यातला ‘अवैध स्थलांतरित’ पुराव्याने ठरवावा लागतो. ‘घुसखोर’ उच्चारताच सिद्ध होतो. बांगलादेशी घुसखोरीवरचा मराठीतला वाद मी मंगरूळपीरला बसून वाचतो. इथून ती सीमा हजार किलोमीटरहून लांब आहे. तरी ती तहसील कचेरीच्या दाराशी आली ती जन्मदाखल्याच्या रूपाने.

एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद करायला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. अर्जांचे ढीग वाढले. २०२५ च्या सुरुवातीला किरीट सोमय्यांनी मालेगाव, अकोला, अमरावतीची नावे घेत आरोप केले, सरकारने विशेष तपास पथक नेमले, आणि नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले, त्यांना अधिकारच नव्हता म्हणून, रद्द करायचे ठरले. (मालेगाव नाशिक जिल्ह्यातले. पण आमच्या वाशिम जिल्ह्यातही मालेगाव नावाचा तालुका आहे. मथळा वाचून इथले काही जण उगाच दचकले.)

या सगळ्या लिखाणात एक गृहीतक कुणी तपासत नाही: उशिरा मागितलेला दाखला म्हणजे संशयास्पद दाखला. वऱ्हाडात जन्माची जुनी नोंद कोतवाल बुकात सापडते. जातपडताळणीसाठी मी वडिलांची नक्कल काढली. त्यात आजोबांचे नाव, जात, गाव, पावसाळ्यातली एक तारीख, आणि पुढे नुसते ‘मुलगा’. वडिलांचे नाव नाही. बारशाआधीच वर्दी गेलेली, मग नाव येणार कुठून? शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून; ती मास्तरांनी टाकलेली. एका माणसाचे दोन जन्म, आणि दोन्हींवर सरकारी शिक्का. आमचे निभावले, कारण शेताचे फेरफार होते, वंशावळ जुळवून देणारे भाऊबंद होते. ज्याच्या घरात तीन पिढ्या मजुरी आहे, जो दर वर्षी कामासाठी गाव सोडतो, त्याने काय जुळवावे? आणि ते नाव मुसलमानी असेल तर हीच त्रुटी वेगळी वाचली जाते. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे ज्या गावाच्या नावालाच ‘पीर’ जोडला गेला, तिथे हे सांगताना मला अवघड वाटते.

दुसऱ्या बाजूचे लिखाणही मला पटत नाही. ते ‘माणुसकी’ म्हणते आणि दलालाला विसरते. खोटी कागदपत्रे करून विकणारे आहेत, विकत घेणारेही आहेत, आणि सरकारला दाखला तपासण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तपासायचे काय? ‘जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे’ हे वाक्य दोन्हीकडून फेकले जाते. ते अर्धेच खरे आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक; आईवडील कोण हा प्रश्न नाही. त्यानंतरच्या जन्मासाठी आईवडिलांपैकी एक नागरिक हवा, ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा अवैध स्थलांतरित नसावा. म्हणजे सत्तरीच्या म्हातारीचा दाखला आणि तिच्या नातवाचा दाखला यांचे वजन एक नाही. वादात मात्र दोन्ही एकाच गठ्ठ्यात, आणि गठ्ठा रद्द होतो तो सही करणाऱ्याच्या हुद्द्यावरून.

परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की आधी संशयाला काही आधार दाखवा, मग पुरावा मागा. मराठी चर्चेत या निकालाचा उल्लेख मला क्वचितच दिसला.

शब्दांची निवड किती बदलते हे पाहायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने वसवले. त्यांना ‘निर्वासित’ म्हटले गेले. आले त्याच भूमीतून. वेगळे होते ते साल, धर्म आणि सरकारचे धोरण.

आजीचे माहेर पैनगंगेपलीकडचे, हिंगोलीकडचे. १९४८ पर्यंत तो निजामाचा मुलूख. लग्न होऊन ती नदी ओलांडून वऱ्हाडात आली, तेव्हा तिच्याकडे कागद नव्हता, आणि तिला कुणी मागितलाही नाही. वडिलांच्या नोंदीत तिचे नाव नाही. तिची स्वतःची नोंद, असलीच तर, दुसऱ्या राज्याच्या दप्तरात असणार. ती शोधायला मी अजून गेलेलो नाही.