बहुविश्वाच्या कथा आणि पानिपतची एक गोळी

आपल्या विश्वाला समांतर अशी अनेक विश्वे असून त्यांत एकाच व्यक्तीची निरनिराळी रूपे नांदतात, या कल्पनेला बहुविश्व म्हणतात. अमेरिकी महानायकांच्या चित्रकथांत ती रुजली १९६१ साली, 'द फ्लॅश' या मालिकेच्या १२३ व्या अंकात, जेव्हा लेखक गार्डनर फॉक्स यांनी फ्लॅश या महानायकाच्या जुन्या आणि नव्या रूपांची गाठ घालून दोन पिढ्यांच्या विसंगत कथांना एकत्र जागा करून दिली. पुढे विश्वांची गर्दी इतकी वाढली, की ती आवरण्यासाठी डीसी या प्रकाशनसंस्थेला १९८५-८६ मध्ये बारा अंकांची स्वतंत्र मालिका काढावी लागली, आणि तरीही ती विश्वे कालांतराने परतलीच. मेलेला नायक दुसऱ्या विश्वातून आणता येऊ लागल्यामुळे या चित्रकथांतील मरणाला वजन उरलेले नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकाला भेटलेल्या वेताळ या नायकाच्या कथेत मात्र बाप मरतो, मुलगा त्याचा वारसा चालवतो, आणि म्हणून तिथले मरण खरे वाटते.

शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ साली निर्माण केलेला पवित्र प्रभाकर हा बहुविश्वातला मुंबईचा स्पायडर-मॅन. खेड्यातून शिष्यवृत्तीवर आलेल्या या मुलाला धोतर मिळाले, योग्याकडून शक्ती मिळाली, परंतु काकाच्या मृत्यूपासूनचा घटनाक्रम न्यूयॉर्कच्या मूळ स्पायडर-मॅनचाच राहिला आणि त्याच्या खेड्याला स्वतःचा चेहरा लाभला नाही. मराठीतूनही प्रदर्शित झालेल्या २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटाने इंद्रजालच्या रंगरेषांवरून त्याचे देखणे शहर उभे केले आणि प्रत्येक विश्वात तेच दुःख अटळ असावे का, हा मोलाचा प्रश्नही विचारला. तथापि तिथेही विश्वागणिक वेश पालटतो आणि दुःखाचा साचा तोच राहतो.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची रीत नेमकी उलट आहे. तिथे माणसे आणि शहरे ओळखीचीच आहेत. बदलते ती एकच घटना, १७६१ च्या पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांकडून लढणाऱ्या विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते, आणि तेवढ्यावरून मराठ्यांचा विजय, ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईपुरते उरलेले अस्तित्व आणि सारा पुढचा इतिहास वेगळा घडत जातो. बहुविश्वाचे कलात्मक सामर्थ्य या रीतीत आहे, कारण तिच्यात दुसरे विश्व पहिल्याच्या इतिहासातून उगवते आणि वाचकाला स्वतःच्या वास्तवाचा जाब विचारते.

अशा कथेसाठी परभणीसारख्या जिल्ह्यात सामग्रीची वाण नाही. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार उर्दूत चालत असे; ते राज्य टिकले असते, तर गंगाखेड किंवा जिंतूरच्या शाळेतला मुलगा कोणत्या भाषेत शिकला असता आणि कोणाविरुद्ध उभा राहिला असता, हे चितारून पाहण्याजोगे आहे. मराठी चित्रकथाकारांनी पवित्र प्रभाकरची आणखी एक प्रत काढण्यापेक्षा हा विषय हाती घ्यावा.