गाणं चालेल, चाल नको

ॲन मॅकॅफ्री यांची ‘ड्रॅगनसाँग’ (१९७६) ही कादंबरी बहुतेक वेळा एका ओळीत सांगितली जाते: संगीताची बंदी असलेली मुलगी घर सोडते आणि ड्रॅगनांच्या जगात तिला तिची जागा मिळते. वाशिमात बसून मोबाईलवर ती वाचताना मला ही ओळ अर्धीच खरी वाटली.

मेनॉली पंधरा वर्षांची आहे. बाप यानस हा कोळ्यांच्या वस्तीचा प्रमुख. तिला शिकवणारा म्हातारा गायक पेटिरॉन मरतो, आणि लहान पोरांना परंपरेची गाणी शिकवायला दुसरं कुणी नसतं, म्हणून ते काम तिच्याकडेच येतं. म्हणजे गायला बंदी नाहीच. अट एकच: ठरलेली गाणी गायची, स्वतःच्या चाली लावायच्या नाहीत. मुलांसमोर तिच्या तोंडून स्वतःची धून निघते आणि बाप पट्ट्याने मारतो. नवा गायक येतो तेव्हा तर मुलांना कुणी शिकवलं हेही त्याच्यापासून लपवतात.

हे वाचून मला भुलाबाई आठवली. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर टिपऱ्या घेऊन गातात, शेवटी खाऊ ओळखायला लावतात. त्या महिन्यात कुणी पोरींना गप्प बसा म्हणत नाही. पण त्या सासर-माहेरच्या गाण्यांची चाल पहिल्यांदा कुणी लावली, हेही कुणी विचारत नाही. त्यामुळे यानस मला खलनायक वाटलाच नाही. तो ओळखीचा माणूस आहे. गा की बाई, पण जे आहे तेच गा.

बापाचा पट्टा मी विसरेन, आईची मलमपट्टी नाही. मासे कापताना सुरी निसटते, मेनॉलीचा हात चिरतो, जखम चिघळते. आई मावी औषधपाण्यात तरबेज. तरीही हात असा भरून येतो की बोटं नीट ताणता येत नाहीत. मुद्दाम, की हयगय? लेखिका ठामपणे सांगत नाही, आणि म्हणूनच ती पानं अंगावर येतात. आता वाजवणं सुटलं, म्हणजे पोरगी मार्गी लागली, असा सुटकेचा निःश्वास घरभर ऐकू येतो.

मग ती पळते. समुद्रकाठच्या गुहेतली प्रकरणं पुस्तकात सगळ्यात सरस आहेत. नऊ चिमुकले फायर लिझर्ड, त्यांची न संपणारी भूक, आणि त्याच वाकड्या हाताने वेताची बासरी करत बसलेली ही मुलगी. ती वाजवते, ते सोबत गुणगुणतात. चाल कुणाची, असं न विचारणारे ते तिचे पहिले श्रोते. (पुढे ड्रॅगनस्वारांच्या बेन्डनमधल्या कारभारणीचं नाव मनोरा निघालं, तेव्हा आमचा मानोरा तालुका आठवून मी एकटीच हसले.)

तक्रार शेवटाबद्दल आहे. पेटिरॉनने तिची दोन गाणी गुपचूप मुख्य गायक रॉबिन्टनकडे पाठवलेली असतात, पण ती एका मुलीची आहेत हे न कळवता. रॉबिन्टन त्या अज्ञात रचनाकाराला शोधत असतो, ती नेमकी समोर येते, झालं! मोठ्या माणसाने ओळखलं म्हणून जागा मिळाली. ज्यांच्याकडे रॉबिन्टन येत नाही, त्यांचं काय? जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायका शतकानुशतकं बिननावाच्याच राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रकल्पाने गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत गाणारणीचं नाव आणि गावही टिपलं. पण ओवी पहिल्यांदा कुणी रचली, ते बहुधा गाणारीलाही सांगता आलं नसतं.

आणि आमच्या गावाची स्वतःची एक फँटसी आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला बांधून ठेवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्या मागे धाडते. ती प्रदेशोप्रदेशी वेश बदलते, नाचते, गाते. विदर्भात तो पुरता भुलतो आणि वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिमात, त्यांचं लग्न लागतं. गोष्ट सुंदर आहे. पण साहित्यविद्येचं सगळं गाणं कुणाला तरी थांबवण्यासाठी आहे, आणि अखेरीस दोघांना राहायला जागा मिळते ती कवींच्या मनात. स्वतःपुरतं ती काय गुणगुणत असेल?

मेनॉलीची जागा कुणाच्या मनात नाही. त्यासाठी ‘ड्रॅगनसिंगर’ (१९७७) वाचा; मला तो भाग जास्त आवडला. तिथे रॉबिन्टनची मर्जी पुरत नाही. मुलगी नको म्हणणारा म्हातारा शिक्षक आहे, फी भरून शिकणाऱ्या पोरींचा मत्सर आहे, तो वाकडा हात रोज ताणून मोकळा करायचा आहे. जेमतेम आठवड्याभराची गोष्ट. शेवटी ती भरल्या जेवणघरात सगळ्यांसमोरून चालत जाते आणि शिकाऊंचं टेबल मागे टाकून पुढच्या टेबलावर, कसबी गायकांच्या बाकावर बसते.