बोधकथांचे पुनर्कथन आणि दयेचा हिशेब

लहान मुलांसाठी प्राचीन बोधकथा नव्याने सांगताना दयेचे मूल्य रुजविणे हा हेतू बहुतेक लेखक आवर्जून नमूद करतात. हा हेतू प्रत्यक्ष कथनात कितपत टिकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठी मुलांची इसापाशी ओळख जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या १८२८ मधील इसापनीतीपासून ही परंपरा ठळकपणे दिसते. तिच्यातील सर्वाधिक सांगितली जाणारी दयेची कथा म्हणजे सिंह आणि उंदीर. ग्रीक कवी बाब्रियस याच्या पद्यरूपात उंदीर ‘कधीतरी उपकार फेडीन’ असे म्हणतो, तेव्हा सिंह हसतो आणि त्याला सोडून देतो. हे हसणे कथेचे मर्म आहे. सिंहाचा त्या वचनावर काडीचाही विश्वास नाही. म्हणूनच त्याची दया निरपेक्ष ठरते. अनेक बालआवृत्त्या हे हसू गाळतात किंवा त्याचा अर्थ केवळ गर्व असा लावतात आणि शेवटी ‘केलेले उपकार वाया जात नाहीत’ असे तात्पर्य जोडतात. परिणामी मुलाच्या मनात दया ही परतफेडीच्या भरवशावर दिलेली उसनवारी होऊन बसते. (आपल्या भाषेत ‘उपकार’ या शब्दामागे ‘फेडणे’ हे क्रियापद किती सहज येते, हेही पुनर्कथनकाराने ध्यानात घ्यावे. ‘कणव’ या शब्दाला असा हिशेब चिकटलेला नाही.)

पूर्णभद्राने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पंचतंत्राच्या पाठात याच कथेचे भावंड शोभेल अशी हत्ती आणि उंदरांची कथा येते. तळ्याकडे जाणाऱ्या हत्तींच्या पायाखाली उंदीर चिरडले जातात. विनंती केल्यावर यूथपती वाट बदलतो. पुढे उंदीर पाश कुरतडून हत्तींना सोडवितात, हा भाग सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखकाला वाट बदलण्याचा भाग अधिक मोलाचा वाटतो. बलवानाच्या हातून नकळत घडणारी हिंसा आणि ती ध्यानात आल्यावर त्याने सोसलेली गैरसोय हा दयेचा फार प्रगल्भ अर्थ आहे आणि तो पाच वर्षांच्या मुलालाही कळतो.

सर्वांत मोठी हानी मात्र चित्रग्रीवाची झाली आहे. जाळ्यासह उडालेली कबुतरे म्हणजे ‘एकीचे बळ’, एवढ्यावर अनेक पुस्तके थांबतात. मूळ कथेत हिरण्यक उंदीर आपल्या मित्राचे, म्हणजे राजाचे, बंध प्रथम तोडू लागतो. चित्रग्रीव त्याला अडवितो आणि आधी आपल्या आश्रितांना मोकळे करावयास सांगतो. हिरण्यकाचे दात मध्येच निकामी झाले तर आपणच अडकून पडू, हे त्याला ठाऊक असते. येथे सौदा नाही, वचन नाही. असा प्रसंग पृष्ठसंख्येच्या सबबीखाली वगळणे समर्थनीय ठरत नाही.

जेरी पिंकनी यांच्या २००९ मधील चित्रपुस्तकाचा विचार येथे उपयुक्त ठरेल. त्यांनी सिंह-उंदराची कथा सेरेंगेटीच्या पार्श्वभूमीवर, प्राण्यांचे आवाज वगळता, शब्दांविना मांडली. २०१० मध्ये तिला कॅल्डेकॉट पदक लाभले. सिंहाने उंदराला का सोडले, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. पान उलटण्यापूर्वी मुलाला सिंहाच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे लागते.