वचन कोण वाचतं?

बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, पण वाचताना ती दोन हातांनी लिहिल्यासारखी वाटते. विधवांचे हाल सांगणारा हात कादंबरीकाराचा. शेवटी यमुनेला ख्रिस्ती करून तिचं पुनर्लग्न लावणारा हात प्रचारकाचा. शास्त्रवचन तिथे कोर्टाच्या निकालासारखं येतं, अपील नाही.

श्रद्धाळू कादंबरीकाराचा हा जुनाच पेच. श्रद्धा पातळ करून तो सुटत नाही. लेखकाने वचन पात्राच्या हाती द्यावं आणि त्या पात्राला त्याची निकड असावी, तेव्हा कुठे मार्ग निघतो.

१८५० साली सैबेरियाच्या वाटेवर, तोबोल्स्कला, झारविरुद्ध बंड केलेल्या डिसेंबरवाद्यांच्या बायकांनी डोस्टोव्हस्कीला नव्या कराराची एक प्रत दिली. ओम्स्कच्या तुरुंगात ती त्याच्यासोबत होती आणि पुढे मरेपर्यंत त्याने ती जपली. ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये (१८६६) रास्कोल्निकोव्ह सोन्याला योहानाच्या शुभवर्तमानातली लाजराची गोष्ट वाचायला लावतो. तिचा आवाज आधी फुटतच नाही. आणि ते पुस्तक कुणी दिलेलं? लिझावेताने, म्हणजे त्यानेच कुऱ्हाडीने मारलेल्या बाईने. एवढा तपशील दिल्यावर भाष्य कशाला हवं? (उपसंहारात मात्र डोस्टोव्हस्कीलाही राहवलं नाही.)

अमेरिकेच्या मॅरिलिन रॉबिन्सन तर कॅल्व्हिन कोळून प्यायलेल्या. २०२४ साली त्यांनी ‘उत्पत्ती’वर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांची ‘गिलियड’ (२००४) म्हणजे आयोवातल्या जॉन एम्स या म्हाताऱ्या पाळकाने आपल्या लहान मुलाला लिहिलेलं लांबलचक पत्र. त्यात काही पानं प्रवचनाच्या ओझ्याने वाकतात, हे सांगायलाच हवं. पण एम्स हागार आणि इश्माएलवर उपदेश करतो, तेव्हा समोर त्याच्या जुन्या पाळकमित्राचा मुलगा जॅक बसलेला असतो. तारुण्यात त्याने एका मुलीला आणि तिच्या बाळाला वाऱ्यावर सोडलेलं. उपदेशाचा रोख आपल्यावरच होता असं तो धरून चालतो आणि एम्सलाही पुरते हात झटकता येत नाहीत.

त्याच मालिकेतली ‘लायला’ (२०१४) याहून धीट आहे. एम्सची ही बायको एके काळची भटकी, धड शाळाही न पाहिलेली. अक्षर वळावं म्हणून चोरलेल्या बायबलमधल्या ओळी ती वहीत पुन्हापुन्हा उतरवते. त्यात यहेज्केलातलं नाळही न कापता टाकून दिलेलं बाळ भेटतं आणि हे आपल्याचबद्दल लिहिलंय हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. धर्मशास्त्राचा गंध नसलेली ही बाई या मालिकेतली सर्वांत चांगली वाचक आहे.

रॉबिन्सनबाईंना हे आधीपासून ठाऊक असावं. ‘गिलियड’मध्ये जॅक विचारतो, काही माणसं जन्मतःच नरकासाठी नेमलेली असतात का? दोन म्हातारे पाळक घुटमळत राहतात. माणूस बदलू शकतो, हे तिथे लायला सांगते.