'पुनरावृत्ती' या संज्ञेविषयी : एका वैद्यकीय गुणांकाची चिकित्सा

निखळणारा खांदा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने स्थिर केल्यावरही काही रुग्णांत तो पुन्हा निखळतो. असे कोणाच्या बाबतीत घडेल, हे आधी सांगता यावे म्हणून बाल्ग आणि ब्वालो या शल्यविशारदांनी २००७ साली, १३१ रुग्णांच्या निरीक्षणावरून, एक गुणांक मांडला. वय २० किंवा कमी असल्यास २ गुण, स्पर्धात्मक खेळास २, झटापटीच्या अथवा हात वर नेऊन जोर लावण्याच्या खेळास १, सांध्याच्या अतिशैथिल्यास १, क्ष-किरण चित्रात दंडाच्या हाडाच्या गोलावर खाच दिसल्यास २, आणि खोबणीची कड झिजलेली दिसल्यास २, एकूण १०. सहापर्यंत गुण असल्यास पुनरावृत्तीचा धोका १० टक्के, सहाहून अधिक असल्यास ७० टक्के. म्हणून दुसऱ्या वर्गासाठी हाडाचा तुकडा बसविण्याची लातार्जे शस्त्रक्रिया त्यांनी सुचविली.

काही प्रश्न, शारीरिक तपासणी आणि साधे क्ष-किरण चित्र एवढ्यावर निर्णयास आधार मिळतो, हा या गुणांकाचा मोठा गुण होय. परंतु विसाव्या वर्षातील एखादा स्पर्धक घ्या : झटापटीचा खेळ, हाडावर खाच, म्हणजे ७ गुण. एकविसावे वर्ष पूर्ण होताच तेच गुण ५ होतात. खांदा तोच, शस्त्रक्रियेची शिफारस मात्र बदलते. पुढे काही अभ्यासकांनी ही सीमा चारपर्यंत खाली आणावी असे सुचविले, यावरूनही ती रेषा निसर्गाने आखलेली नव्हे, हे स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप संज्ञेविषयी आहे. 'पुनरावृत्ती' म्हणजे पूर्ण निखळणे, अर्धवट सरकणे, की सांधा सटकेल ही नुसती धास्ती? जो अर्थ घ्यावा त्याप्रमाणे अपयशाची संख्या बदलते. संज्ञेचा अर्थ निश्चित न करता दोन अभ्यासांतील टक्केवारीची तुलना करणे म्हणजे एकाच नावाच्या दोन वस्तू एका तराजूत तोलणे होय.

तिसरा आक्षेप वाक्यरचनेचा. 'अशा गटातील शंभरांपैकी सुमारे सत्तर जणांचा खांदा पुन्हा निखळला' या वाक्याचे उद्देश्य समूह आहे. 'तुमचा खांदा निखळण्याचा धोका ७० टक्के आहे' असे म्हणताच उद्देश्य बदलते, आणि गणनेचे भाकीत होते. रुग्ण दुसरे वाक्य ऐकतो व त्यावर मोठ्या शस्त्रक्रियेस संमती देतो.

गुणांक टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. तो वापरणाऱ्याने पहिले वाक्य उच्चारावे, 'पुनरावृत्ती'चा अर्थ सांगावा आणि सीमेलगतच्या रुग्णास तो सीमेवर आहे हेही सांगावे. एवढे केल्यास गुणांक निर्णयास साहाय्य करील; निर्णयाची जागा घेणार नाही.