‘स्मृतिचित्रे’तली निष्ठा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आवडत नाहीत असे म्हणणारा मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे. पण ती का आवडतात असे विचारले, की बहुतेक जण त्यातल्या गमतीच सांगू लागतात : वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा लहरी स्वभाव, नवराबायकोची भांडणे. गमती खऱ्याच, परंतु तेवढ्यावर समाधान मानणारा वाचक करंजीची पारी खाऊन सारण टाकून देतो, असे मला वाटते. या पुस्तकाचे सारण म्हणजे निष्ठा. वर्षानुवर्षे हाल सोसून ती टिकली आहे, आणि सोसताना तिने खोट्याचा आधार घेतलेला नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पदरी लहान मूल, नवरा जिवंत असून दुरावलेला, आणि आश्रय नातलगांचा, अशा स्थितीत लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षे काढली. हा मजकूर रडवण्यासाठी कोणीही वापरला असता. लक्ष्मीबाई तो वापरत नाहीत. दुःख दोन वाक्यांत सांगून त्या चुलीकडे, पोराकडे, शेजारणीच्या बोलण्याकडे वळतात. वाचकाला हसू येते, आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडते.

नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला, असे मात्र झाले नाही. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, आणि टिळकांनीही ते सोडायला लावले नाही. जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांच्या मनाला पटले तेव्हाच तो सुटला. बाप्तिस्मा झाला १९०० साली. बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या १८८८ च्या आत्मचरित्रात आपण ख्रिस्ती का झालो याची कारणे मांडली. लक्ष्मीबाईंच्या हाती तशी शास्त्रार्थाची शिदोरी नव्हती. ख्रिस्ती होऊन संसार कसा केला, एवढेच त्या सांगतात. आणि मला ही साक्ष अधिक मोलाची वाटते. वादात हरवलेला मनुष्य मत बदलू शकतो, पण रोजच्या जगण्यात मुरलेली श्रद्धा सहजी उपटत नाही.

कारण बाप्तिस्म्याने हाल संपले नाहीत. दुष्काळातली पोरकी मुले घरात आली, नगरचा प्लेग आला, आणि हातात पैसा पडताच तो कोणाला तरी देऊन मोकळे होणारे यजमान तर होतेच. बालकवींसारखा कवी याच घरात राहून गेला, तोही घरचाच होऊन. १९१७ च्या सुमारास टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली. दोन वर्षांत ते गेले. या सगळ्यात देवाने चमत्कार करून सोडवल्याचा गाजावाजा नाही. उद्याच्या भाकरीची चिंता आहे, आणि तरी दारी आलेल्याला हाकलायचे नाही ही रीत आहे.

पुस्तकाचा प्रामाणिकपणा दिसतो तो इथेच. टिळक मोठे कवी, ख्रिस्ती समाजात पूज्य. त्यांच्या पत्नीने त्यांची आरती ओवाळली असती तर कोणी बोल लावला नसता. तिने त्यांचा राग, त्यांचा हट्ट, त्यांचे औदार्य सारे एकाच शाईने लिहिले, आणि स्वतःचे भाबडेपणही झाकले नाही. विनोद हा तिच्या लेखी सत्य सांगण्याचा मार्ग आहे. कडू घोट पाजताना आईचा हात जसा हलका असतो, तसा.

माझी एक तक्रार आहे. लक्ष्मीबाई आपल्या अंतर्मनात फार काळ थांबत नाहीत. एकांतात त्यांनी देवाशी काय भांडण केले असेल, हे कळावेसे वाटते. उत्तरार्धात माणसांची गर्दी वाढते तसतशी ही उणीव अधिक जाणवते. पण हा संकोच त्यांच्या स्वभावातलाच. श्रद्धेचे प्रदर्शन त्यांना जमले नसते.

१९३४ ते १९३७ या काळात हे पुस्तक चार भागांत बाहेर आले. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. सणाच्या दिवसांत घरची मंडळी एकत्र जमली असता यातले एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे. मुले हसतील. थोरांनी मात्र हसून झाल्यावर पुढचे पान लगेच उलटू नये.